भावाचा आजार आणि माझं अंतराळ

ताई, नमस्कार.

मी बावीस वर्षांची आहे, फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. घर कराडजवळ. धाकटा भाऊ चौदा वर्षांचा. चालायला लागला तेव्हापासूनच त्याचा तोल जायचा. पाच वर्षांचा असताना डोळ्यांत लाल शिरा दिसायला लागल्या, मग पुण्यात तपासण्या झाल्या आणि ‘अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया’ असं निदान झालं. आता तो व्हीलचेअरवर असतो. आई-बाबांचं लग्न नात्यातलं, बाबांनी सख्ख्या मामाची मुलगी केली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, गरज नसताना याचा एक्स-रे काढू नका, याच्या पेशींना किरणं सोसत नाहीत.

मला लहानपणापासून अंतराळात जायचं आहे. 2025च्या जुलैत शुभांशू शुक्ला परतले तेव्हा मी आणि भाऊ टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. त्यानंतर अंतराळातल्या किरणोत्सर्गाबद्दल वाचायला लागले आणि पोटात गोळा आला. भावाचं जनुक माझ्यातही असेल तर? तपासणीचा विषय काढला की आई म्हणते, एकदा कागदावर आलं की तुझं लग्न जमायचं नाही. आजी म्हणते, आत्याच्या मुलाशी कर, घरातलं घरात राहील. तपासणीत ‘वाहक’ आलं तर माझं अंतराळ संपलं का? मग न केलेलीच बरी का?

भावाचाही एक प्रश्न आहे. तिथे डोळे मिटले तरी चमकतं म्हणतात, ते खरं का?

— एक बहीण

*

अगं, ज्या प्रश्नाने तुझी झोप उडाली आहे त्याचं उत्तर आधी देते. नाही, वाहक निघालीस म्हणून अंतराळ संपत नाही. पण तुझ्या पत्रात एक प्रश्न तू विचारलेलाच नाहीस, आणि माझ्या मते पहिला नंबर त्याचा आहे. तो तुझ्या आईच्या तब्येतीचा आहे. तिथे येते, पण थोड्या वळशाने. मधलं समजलं नाही तर ते तुला पटायचं नाही, आणि आईला तर मुळीच पटवता यायचं नाही.

मी अठ्ठावीस वर्षं रेडिओथेरपी विभागात काढली. पेशंट त्याला ‘शेक देणं’ म्हणतात, कुणी ‘लाईट लावणं’ म्हणतात. तुझ्या भावाचा आजार मी पहिल्यांदा पाहिला तो फार उशिरा ओळखला. नऊ वर्षांचा मुलगा होता, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झालेला, छातीला शेक द्यायचं ठरलं. चालताना झोकांड्या जायच्या, ते आम्ही आजारपणाच्या अशक्तपणावर ढकललं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, कोपऱ्याकडून बुबुळाकडे जाणाऱ्या बारीक लाल शिरा होत्या, ते आम्ही धुळीवर ढकललं. डोस नेहमीचाच, त्या वयाच्या मुलांना देतात तेवढाच. दुसऱ्या आठवड्यात त्याची कातडी अशी सोलवटली, की मलमलचं कापड लागलं तरी तो किंचाळायचा. घोटभर पाणी गिळता येईना. शेक थांबवला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंतर एका वयस्कर बालरोगतज्ज्ञांनी टॉर्च मारून त्याचे डोळे पाहिले आणि आजाराचं नाव सांगितलं. अशा मुलांना नेहमीच्या डोसने जीवघेणी इजा होते हे 1960च्या दशकातच नोंदलं गेलं होतं. त्यांच्या पेशी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतही किरणांपुढे टिकत नाहीत, हे 1975 साली छापून आलं होतं. पुस्तकात सगळं होतं, आम्ही डोळ्यांकडे नीट पाहिलं नव्हतं. तो मुलगा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून तुझ्या भावाच्या डॉक्टरांनी जे बजावलं ते सोन्याच्या मोलाचं आहे. त्याच्या फाईलच्या पहिल्याच पानावर, लाल शाईने, मोठ्या अक्षरांत लिहून ठेव: निदानाचं पूर्ण नाव, आणि ‘एक्स-रे, सीटी स्कॅन फक्त अगदी गरज असेल तरच, किरणोपचाराआधी आजाराची कल्पना द्यावी’. रात्री-अपरात्री त्याला घेऊन एखाद्या अनोळखी दवाखान्यात जावं लागलं, तर त्या धावपळीत तुमच्यातल्या कुणाला हे सांगायचं सुचेलच असं नाही. फाईल बोलली पाहिजे.

आता जनुकाकडे वळू. त्याचं नाव एटीएम. ते अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि 1995 साली तेल अवीवमध्ये योसेफ शिलो यांच्या गटाने ते शोधलं. या जनुकापासून जे प्रथिन बनतं त्याचं काम मी नेहमी गावच्या कोतवालासारखं समजावते. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकाच जागी तुटल्या की हा कोतवाल दवंडी पिटतो: पेशीचं दुभागणं थांबवा, दुरुस्तीवाल्यांना बोलवा, आणि दुरुस्त होणार नसेल तर ही पेशी मोडीत काढा. तुझ्या भावाच्या पेशींत दवंडी पिटणारं कुणी नाही. तुटलेल्या डीएनएसकट पेशी पुढे चालत राहतात. किरणं त्याला सोसत नाहीत ती यामुळे, आणि अशा मुलांना रक्ताचे, लसिकाग्रंथींचे कर्करोग होतात तेही यामुळे.

वाहकाकडे या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चांगली असते. दवंडी पिटली जाते. तू भावासारखी आजारी पडणार नाहीस, हा आजार मोठेपणी अचानक उगवत नाही. तेवढी धास्ती आजच मनातून काढून टाक.

तू वाहक असण्याची शक्यता किती? सगळे पन्नास टक्के म्हणतात, तूही तसंच धरून बसली असशील. कागदावर चार घरं काढ. आई-बाबा दोघेही वाहक आहेत, त्याशिवाय भावाला हा आजार झालाच नसता. एका घरात दोन्ही प्रती चांगल्या, दोन घरांत एक चांगली एक बिघडलेली, चौथ्या घरात दोन्ही बिघडलेल्या. चौथं घर तुझ्या भावाचं. तू त्या घरात नाहीस हे तुझ्या तब्येतीवरून दिसतंच आहे, म्हणून ते खोडून टाक. उरली तीन घरं, त्यातली दोन वाहकाची. म्हणजे तुझी शक्यता तीनात दोन आहे. हे घाबरवायला सांगत नाही. खरा आकडा हातात असला की निर्णय नीट घेता येतो, आणि तू तर आकड्यांतच शिकते आहेस.

वाहकाच्या पेशी किरणांना किती सोसतात, हा तुझ्या प्रश्नाचा गाभा. प्रयोगशाळेत पाहिलं तर वाहकांच्या पेशी सरासरीने मधोमध पडतात, निरोगी माणसाहून थोड्या नाजूक, आजारी मुलाहून पुष्कळ चिवट. पण ‘सरासरीने’ हा शब्द सोडू नकोस. एकेक माणूस घेतला तर कितीतरी वाहकांच्या पेशी वाहक नसलेल्यांइतक्याच टिकतात, आणि वाहक नसलेल्यांपैकी काहींच्या वाहकांहून नाजूक निघतात. दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले आहेत. नुसत्या पेशी पाहून हा वाहक आणि हा नाही, असं खात्रीने सांगता येत नाही.

उंदरांवरची कामं मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने 2002 साली दाखवलं, की एटीएमची एकच चांगली प्रत असलेल्या उंदरांना एक्स-रे दिल्यावर साध्या उंदरांपेक्षा लवकर मोतीबिंदू होतो. पुढे त्यांनी लोखंडाच्या वेगवान आयनांनीही, म्हणजे विद्युतभारित अणूंनीही, तेच करून पाहिलं आणि तोच कल दिसला. त्यांच्या डोळ्यांसमोर अंतराळवीरच होते, कारण मोतीबिंदू ही अंतराळवीरांची खरीखुरी तक्रार आहे. 2001 साली नासाच्या अंतराळवीरांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा ज्यांच्या डोळ्याच्या भिंगाला 8 मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणांचा डोस मोजायचं माप) जास्त डोस मिळाला होता, त्यांच्यात मोतीबिंदूचं प्रमाण जास्त आणि वय कमी आढळलं. तेव्हा तू जे वाचून घाबरलीस ते निराधार नाही.

लोखंडाचे आयन मध्येच कुठून आले म्हणशील. अंतराळातला किरणोत्सर्ग आपल्या एक्स-रेच्या जातीचा नाही. ताऱ्यांच्या स्फोटांतून वेग घेतलेले अणूंचे गाभे तिथे सतत फिरत असतात. बहुतेक प्रोटॉन, त्याखालोखाल हेलियम, आणि शंभरात एखादा जड गाभा, त्यात लोखंडही आलं. हा शंभरातला एकच महागात पडतो. एक्स-रेची इजा म्हणजे वळवाच्या पहिल्या सरीचे थेंब, इथे एक, तिथे एक. लोखंडाचा गाभा पेशीतून जातो तो नांगराच्या फाळासारखा, मागे सरळ तास पाडत. त्या तासात डीएनए एकाच जागी अनेक ठिकाणी तुटतो आणि अशी गिचमीड दुरुस्त करणं चांगल्या कोतवालालाही जड जातं. अपोलो 8 आणि अपोलो 12च्या अंतराळवीरांची हेल्मेटं पृथ्वीवर आणून त्यांच्या प्लॅस्टिकवर रसायनाची प्रक्रिया केली, तेव्हा या जड गाभ्यांनी पाडलेल्या वाटा सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसल्या. सुईने टोचावं तशा. ज्या प्लॅस्टिकमधून त्या गेल्या होत्या त्याच्या आत माणसाचं डोकं होतं.

आकडे पाहू, तुला ते लागतीलच. जमिनीवर आपल्याला निसर्गातून वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. अंतराळ स्थानकात तेवढे चार-पाच दिवसांत मिळतात. शुभांशू शुक्लांचा सगळा प्रवास वीस दिवसांचा धरला तर हिशोब दहा-बारा मिलिसिव्हर्टच्या आसपास जातो, म्हणजे छातीच्या दोनेक सीटी स्कॅनएवढा. गगनयानचा आराखडा 400 किलोमीटर उंचीवर तीन दिवस राहण्याचा आहे, तिथे तर हा आकडा आणखी खाली येतो. मंगळाची गोष्ट वेगळी. क्युरिऑसिटी यानाने वाटेत मोजलेला डोस दिवसाला सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट निघाला, आणि त्यावरून नुसत्या जाण्यायेण्याच्या 360 दिवसांचा अंदाज 660च्या आसपास आला. नासाने 2022 साली एका अंतराळवीरासाठी आयुष्यभराची मर्यादा ठरवली ती 600. मंगळाला जाऊन आलं की ती संपते, मग जनुक कुठलंही असो.

या 600च्या आकड्याची हकीकत तुझ्यासारख्या मुलीने मुद्दाम समजून घ्यावी. पूर्वी नासाची मर्यादा वय आणि स्त्री-पुरुष पाहून ठरायची. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांचा जो अभ्यास 1950पासून चालला आहे, त्यात तेवढ्याच डोसला बायकांना कर्करोगाचा धोका पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. स्तन, फुप्फुस, बीजकोश यांमुळे. म्हणून बायकांची मर्यादा खाली. कागदावर हे काळजीपोटी होतं, प्रत्यक्षात त्यांना पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी दिवस उडता यायचं. 2022मध्ये ही पद्धत बदलली. ज्या गटाला धोका जास्त, म्हणजे पस्तीस वर्षांची स्त्री, तिला धरून आकडा काढला आणि तोच सगळ्यांना लावला. नाजूक कोण ते हेरून दार लावण्याऐवजी नाजूक माणसाला पुरेल असा नियम सगळ्यांसाठी केला. मला हे मनापासून योग्य वाटतं. उद्या जनुकांचा प्रश्न आला तर तोही याच रीतीने सोडवावा असं माझं ठाम मत आहे.

उद्या तो येणारच. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल वाईल यांच्या गटाने मुद्दाम वेगवेगळ्या घराण्यांचे, आपल्या माणसांसारखे सरमिसळ जनुकांचे उंदीर घेतले, काहींना न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जड आयन दिले, काहींना साधे गॅमा किरण. 2020 साली निकाल छापला. कुठल्या उंदराला कुठली गाठ होणार यात त्याच्या जनुकांचा हात मोठा होता, आणि जी जनुकं गॅमा किरणांपुढे कच्ची पडली, बऱ्याच प्रमाणात तीच जड आयनांपुढेही पडली. म्हणजे माणसामाणसांत फरक असतो हे नक्की. पण उंदरांच्या कळपात फरक दिसणं वेगळं आणि तुझ्या एकटीच्या रक्तावरून ‘ही इतके दिवस जाऊ शकते’ असं सांगणं वेगळं. ती शिडी अजून बांधली गेलेली नाही. स्कॉट केली 2015-16मध्ये 340 दिवस स्थानकात राहिले, त्यांचे जुळे भाऊ मार्क जमिनीवर. दोघांची जनुकं सारखी, त्यामुळे तुलना इतकी स्वच्छ पुन्हा मिळणं अवघड. तिथे गुणसूत्रांच्या टोकांची लांबी वर असताना वाढली आणि परतल्यावर झपाट्याने घटली. कुणाच्याही अंदाजाच्या उलट. एका जुळ्यावर इतकं चकित व्हावं लागतं, तर एका अक्षराच्या बदलावरून कुणाचं भविष्य कसं सांगणार?

आता कायदा. अमेरिकेत 2008 सालच्या कायद्याने नोकरी देताना जनुकीय माहिती वापरायला बंदी आहे आणि नासाही त्या बंदीत येते. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, हे तुला माहीत असलेलं बरं. तरीही रिपोर्ट तुझा आहे. तो लिफाफ्यात कुणापुढे ठेवायचा हे तू ठरवायचं. फक्त वैद्यकीय अर्जात किंवा विम्याच्या फॉर्मवर कुणी सरळ विचारलं तर खोटं लिहू नकोस. अंतराळवीराच्या निवडीत खोट्या उत्तरासारखं घातक दुसरं काही नाही.

आणि मनात असलेलं बोलते. आपल्याकडे गगनयानसाठी पहिले चार जण निवडले गेले ते सगळे हवाई दलाचे वैमानिक. एम.एस्सी. फिजिक्सच्या मुलीच्या वाटेतला मोठा धोंडा तो आहे. तुझी शक्ती जनुकाची भीती बाळगण्यात खर्च होऊ नये, ती तिकडे लागावी. आणि किरणांच्या मोजमापाला, माणसामाणसांतल्या फरकाला हात घालणारा फिजिक्सवाला माणूस या क्षेत्राला हवाच आहे. तुझ्या घरात जे आहे ते घेऊन तू तिथे गेलीस तर इतर कुणाला सुचणार नाहीत असे प्रश्न तुला सुचतील.

आता आईकडे ये.

एटीएमच्या वाहक स्त्रीला स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता इतर बायकांच्या दुपटी-अडीचपटीच्या आसपास असते. अशा मुलांच्या घरांतल्या बायकांमध्ये हे दिसतं, हे मायकेल स्विफ्ट यांनी 1987 सालीच लिहिलं. तू वाहक आहेस की नाही याची तपासणी व्हायची आहे. आईची व्हायची गरजच नाही, ती वाहक आहेच. तुझ्या भावाच्या निदानाच्या दिवशीच ते कळलं होतं. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत तिला कुणी म्हणालं का, की बाई, दरवर्षी स्तनांची तपासणी करून घे? बहुतेक घरांत कुणी म्हणत नाही. मुलाची फाईल फुगत जाते आणि आईची फाईल उघडतच नाही. मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे, की आता असं पत्र आलं की आधी आईचं वय काय असेल ते मोजते. तुझी आई चाळिशीपुढची असणार. तिने दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करावी. सोबत एमआरआय लागेल का ते स्तनविकारांच्या डॉक्टरांना विचारावं, एमआरआयमध्ये तर किरणं नसतातच.

इथे तू म्हणशील, किरणांना नाजूक असताना मॅमोग्राफी कशी करायची? बरोबर प्रश्न आहे. एका मॅमोग्राफीचा डोस अर्ध्या मिलिसिव्हर्टपेक्षा कमी असतो. म्हणजे आईची एक मॅमोग्राफी आणि शुभांशू शुक्लांचा स्थानकातला एक दिवस जवळपास सारखे, आईचं थोडं कमीच. गाठ लवकर सापडण्याचा फायदा त्याच्यापुढे फार मोठा आहे आणि वाहक स्त्रियांना मॅमोग्राफी टाळा असं कुठलीही जाणती मार्गदर्शिका सांगत नाही. उद्या तिला कधी शेक घ्यावा लागला, तर त्या डॉक्टरांना एटीएमचं जरूर सांगायचं. 2010मधल्या एका मोठ्या अभ्यासात एटीएममधले काही ठरावीक घातक बदल असलेल्या आणि शेक घेतलेल्या स्त्रियांना दुसऱ्या स्तनात गाठ होण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. म्हणून शेक नाकारायचा नाही, पण डॉक्टरांना अंधारात ठेवायचं नाही.

आणि आजी. तुझ्या पत्रातलं नातं मी कागदावर मांडून पाहिलं. बाबांनी मामाची मुलगी केली, म्हणजे बाबांची आई आणि आईचे वडील हे सख्खे बहीण-भाऊ. भावाचा रिपोर्ट काढ आणि त्यात ‘होमोझायगस’ असा शब्द आहे का बघ. असेल तर दोन्ही प्रतींत तंतोतंत एकच बिघाड आहे, आणि मग तो त्या बहीण-भावांच्या घरातून दोन वाटांनी तुझ्या भावापर्यंत आला असण्याचीच शक्यता सर्वांत जास्त. म्हणजे आजीही बहुधा वाहक. हे तिला दोष म्हणून सांगू नकोस. आपल्या भागात मामाची मुलगी करणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, त्यात तिचा गुन्हा काही नाही, आणि असे एक-दोन बिघाड तुझ्या-माझ्यासकट प्रत्येकाच्या जनुकांत असतात. पण आईला इतकी वर्षं कुणी ‘तुझ्यामुळे झालं’ म्हणालं असेल, तर हे नातं मांडलेला कागद त्या घरात एकदा सगळ्यांसमोर उघडला जावा. आजीचीही तपासणी करून घे. सत्तरीतही उशीर झालेला नसतो.

आत्याच्या मुलाबद्दल मात्र मी आडपडदा ठेवत नाही. नको. मुलगा कितीही चांगला असो. आजी वाहक असेल तर आत्या वाहक असण्याची शक्यता निम्मी, तिच्या मुलाची पाव. तुझी तीनात दोन. दोघं वाहक निघालात तर प्रत्येक बाळाला चारात एक. हे गुणाकार करून बघ, दर बाळामागे चोवीसात एक येतं. नात्याबाहेरचा मुलगा वाहक असण्याची शक्यता शंभर-दोनशेत एक, तिथे हाच गुणाकार सहाशे ते बाराशेत एक असा जातो. ‘घरातलं घरात राहील’ असं आजी म्हणते, आणि आजाराच्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरेल अशी मला भीती वाटते. लग्न जमणार नाही ही आईची भीती मी उडवून लावत नाही, आपल्याकडे लोक काय बोलतात ते मलाही ठाऊक आहे. पण ज्याच्याशी संसार करायचा त्याला तू एकटीत बसून हे सांगशील, त्याचीही एक रक्ततपासणी होईल, आणि ती चांगली आली की तुमच्या मुलांना हा आजार होण्याची भीती जवळपास उरत नाही. हे जो ऐकून घेऊ शकत नाही, त्याच्याशी जमलं नाही तर काय बिघडलं?

तर तपासणी कर, पण सगळी जनुकं धुंडाळणारी महागडी नको. भावाच्या रिपोर्टमध्ये बिघाडाची नेमकी जागा लिहिलेली असते, अक्षर-आकड्यांची एक ओळ. ती ओळ घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा आणि सांग, एवढी एकच जागा पाहायची आहे. थोडं रक्त लागतं. अशी एका जागेची तपासणी स्वस्त पडते आणि भलतेसलते न समजणारे निष्कर्ष हातात पडत नाहीत. घाई नाही. परीक्षा होऊ दे. वाहक निघालीस तर तिशीनंतर तुझी स्वतःची स्तनतपासणी कधीपासून सुरू करायची ते तिथेच ठरव. आईची तारीख मात्र याच महिन्यात घे आणि तिच्यासोबत तू जा. ‘मला वर जायचं आहे ना, मग किरणं कशी मोजतात ते बघायला येते’ असं म्हण, म्हणजे ती यायला तयार होईल.

भावाचा प्रश्न राहिला. त्याला सांग, हो, खरं आहे. 1969मध्ये अपोलो 11वरून परतल्यावर बझ ऑल्ड्रिन यांनी पहिल्यांदा सांगितलं, की अंधारात पडून असताना डोळ्यांत प्रकाशाच्या ठिणग्या आणि रेघा दिसल्या. नंतरच्या अपोलो मोहिमांत अंतराळवीर डोळ्यांवर पट्टी बांधून मुद्दाम बसायचे आणि ठिणगी दिसली की मोठ्याने सांगायचे, ह्यूस्टनमध्ये कुणीतरी नोंद करायचं. सरासरीने तीनेक मिनिटांना एक. बाहेर चमकत काहीच नसतं. तो एक गाभा असतो, कुठल्यातरी ताऱ्यापासून निघालेला, यानाची भिंत आणि मिटलेली पापणी ओलांडून डोळ्याच्या पडद्यातून पलीकडे गेलेला. कुणाला पांढरा ठिपका दिसला, कुणाला रेघ, आणि शेजारी बसलेल्याला त्याच क्षणी काहीच दिसलं नाही, कारण प्रत्येकाच्या डोळ्यातून वेगळा गाभा गेला होता.